नळापाशी ठेवलेली परडी

समिधाच्या ओंजळीतलं एक लिंबू उचलून दमयंतीबाईंनी कुंपणाच्या वईकडे भिरकावलं.

"ते किडकं होतं. वरचं घे, पानाआड बघ, पिवळं झालंय."

समिधाने टाचा उंचावून फांदी ओढली. काटा बोचला तसं बोट तोंडात धरून ती दुसऱ्या हाताने चाचपडत राहिली.

"परवाच पाच नेलीस ना गं? सरबत करता की काय वर्गात?"

"तसंच काहीतरी."

बाईंनी जास्त विचारलं नाही. त्या घरातून शाळेत लिंबं जाणं काही नवं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी त्याच शाळेत शिकवलं होतं आणि वाडीतलं जे जे पिकेल ते थोडंफार शाळेत नेलं होतं. चिकू, जाम, गणपतीला दूर्वा आणि जास्वंद. नात नववीत त्याच शाळेत, त्याच चिंचेखालून आत जाते, याचं त्यांना अजून कौतुक होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन चांगली लिंबं तोडली, पदराला पुसली आणि समिधाच्या दप्तरात टाकली.

दोनेक आठवड्यांनी, गुरुवारी मुख्याध्यापकांचा फोन आला. मुलगा धीरज बोईसरला कारखान्यात, सून कीर्ती कोळगावला सरकारी कचेरीत, घरी बाईच. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली. शाळेतून बोलावणं आलं की त्या अजूनही इस्त्रीचीच साडी नेसत.

मुख्याध्यापक दिनानाथ सर मनोरच्या शाळेतून इथे येऊन सहा वर्षं झाली होती. बाईंना पाहताच ते उठले आणि आपली खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढली. कोपऱ्यातल्या खुर्चीच्या अगदी कडेला एक बाई बसली होती, तीही उठून उभी राहिली.

"बाई, मी शालू. नवापूरची."

"हो हो. ओळखलं मी," दमयंतीबाई म्हणाल्या. ओळखलं होतंच. सातवी-आठवीत दोन वेण्या घट्ट बांधून येणारी, कविता घडाघडा म्हणणारी शालू. आता केस कपाळापाशी पांढरे झाले होते.

समिधा कपाटाला टेकून उभी होती. टेबलावर एक पारदर्शक पिशवी होती आणि तिच्यात कापलेल्या लिंबांच्या फोडी. काही सुकून तपकिरी झालेल्या, काही अजून ओल्या.

"बाई, तुम्हाला त्रास दिला," सर म्हणाले. "पण विषय असा आहे की... ह्यांची तेजल समिधाच्या वर्गात आहे. पहाटे आईबरोबर बोंबील वाळत घालून शाळेत येते. तिच्या बाकावर रोज सकाळी एक लिंबू कापून ठेवलेलं असायचं. मग ते दप्तरात यायला लागलं. मग डब्यात. तिने बाक बदललं, तर त्या बाकावर. आणि मागच्या आठवड्यात मुलांनी तिच्यापुढे रांग लावली. एकेकाने लिंबू पुढे करायचं आणि म्हणायचं, आधी हात चोळ, मग आत ये."

बाईंच्या मांडीवर पर्स होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"सुरुवात समिधाने केली. तिने कबूल केलंय. कोणाचं नाव घेतलं नाही, तेवढं म्हणतो मी."

"सर, मी भांडायला आली नाय," शालू खाली बघत म्हणाली. "दाखला द्या, एवढंच. पोरगी आठ दिस घरात हाय. काथ्यानं हात घासते, दिसातनं चारदा. सालटी निघाली. शिकली तेवढं बास झालं."

"असं घाईने नको. दाखला काय, पाच मिनिटांत लिहून होतो. मला सोमवारपर्यंत वेळ द्या." मग सर समिधाकडे वळले. "मला एक सांग. लिंबूच का? हे तुला सुचलं कुठून?"

समिधाने आजीकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण बाईंना ते पुष्कळ वेळ वाटलं.

"कुठून नाही. माझं मलाच सुचलं."

"बघा," सर बाईंना म्हणाले. "मोबाइलवर काय काय बघतात कोण जाणे. तुमच्या वेळी असलं काही होतं का शाळेत?"

खिडकीतून बाहेरचा नळ दिसत होता. आता तिथे फरशी बसवली होती, चार तोट्या लावल्या होत्या. शालू आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

"नाही," दमयंतीबाई म्हणाल्या.

घरी जाताना आजी आणि नात रस्त्याच्या दोन कडांनी चालत गेल्या.

सत्त्याऐंशी साल असावं. शाळेत तपासणी होती. तपासणीला आलेले साहेब आठवीच्या वर्गात शिरले आणि दोन मिनिटांत खिशातला रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला. खिडकीकडच्या बाकांवर बंदरावरच्या मुली बसत. पहाटे बोटी लागल्या की आयांना हातभार लावून, तशाच त्या तीन किलोमीटर धावत येत. साहेब काही बोलले नाहीत, पण बाईंचा चेहरा उतरला. आपल्या वर्गाची शोभा झाली, असं वाटलं त्यांना. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाडीतली लिंबं कापून एका परडीत घातली आणि परडी नळापाशी ठेवली. "बंदरावरच्या मुलींनी हात चोळून घ्यायचे आणि मग वर्गात यायचं," असं सांगितलं. आवाज चढवला नव्हता. उलट मायेनेच सांगितलं होतं. नऊ वर्षं ती परडी तिथे होती. लिंबं कधी कमी पडू दिली नाहीत त्यांनी, उन्हाळ्यात विकत आणून ठेवली. निवृत्तीच्या समारंभात एका वक्त्याने त्या परडीचा उल्लेख केला होता, तेव्हा सभेत माना डोलल्या होत्या. आणि घरी तर ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल. दिवाळीत, पाहुण्यांपुढे, समिधा मांडीवर असल्यापासून.

बाकीची मुलं तेव्हा काय करत, हे मात्र गोष्टीत कधी आलं नव्हतं.

पडवीत आल्यावर समिधाने चपला काढल्या आणि ती पायरीवर बसली.

"माझं नाव का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"तुला सर काय म्हणाले असते?"

"मला काय म्हणतील. मी म्हातारी."

समिधा पायरीवरचं शेवाळं नखाने खरवडत होती. "पहिल्या दिवशी मी मस्करी नव्हती केली. खरंच दिलं होतं तिला. तू म्हणायचीस ना, मुली किती टापटीप झाल्या. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तर मागचे सगळे हसले." तिने नखातलं शेवाळं झटकलं. "मग मी पण हसले. मग रोजच."

संध्याकाळी धीरज कामावरून आला. त्याच्या शर्टाला कारखान्याचा तो नेहमीचा कडवट, घशात बसणारा वास होता. कीर्तीने शर्ट वेगळ्या बादलीत टाकला आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. बारा वर्षं हे असंच चाललं होतं. त्या वासाबद्दल घरात कोणी कधी शब्द काढला नव्हता. शाळेतली हकिकत ऐकून धीरज मुलीवर संतापला, तिचा मोबाइल काढून घेतला. बाई जेवायला बसल्या, पण भात तसाच चिवडत राहिल्या. मुलालाही त्यांनी काही सांगितलं नाही.

शनिवारी समिधा शाळेतून आली. रात्रीच्या भाजीसाठी बाई वाल सोलत होत्या, तिथे येऊन बसली आणि सोललेले वाल उगाचच इकडून तिकडे करत राहिली.

"जिवलीने वर्गात सगळ्यांना उभं केलं आज."

जिवली वसतिगृहात राहणारी. डोंगराकडच्या पाड्यावरची, आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात, ही इथे. वर्गात एरवी तिचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मी पयल्यांदा आली तवा माझ्या बोलण्याला हसलात. मी बोलायचं सोडलं. आता तेजल यायची सुटली. उद्या आणखी कोण सुटंल. मग म्हणाली, सोमवारी सकाळी सगळ्यांनी नवापूरला जायचं. तेजलच्या आईबरोबर बोंबील घालायचे आणि तसंच शाळेत यायचं. हात धुवायचे नाहीत. मग बघू कोण कोणाला लिंबू देतो."

"आणि मुलं?"

"आधी कोणी बोललं नाही. मग चिराग म्हणाला, मी फक्त दोरी धरीन, मासळीला हात लावला तर मम्मी दारातून आत घेणार नाही. तेव्हा सगळे हसले आणि हो म्हणाले." समिधाने एक वाल चिरडला. "मी विचारलं, मी येऊ? तर जिवली म्हणाली, तू नको."

बाईंनी सालं सुपात गोळा केली. "आपण जाऊ," त्या म्हणाल्या.

"हाकलतील मला."

"हाकललं तर परत येऊ. रिक्षा थांबवून ठेवू."

सोमवारी उजाडता उजाडता त्या दोघी नवापूरच्या किनाऱ्यावर उतरल्या. वाळूत बांबू रोवून, आडव्या दोऱ्या बांधून केलेल्या वलांडी लांबवर गेल्या होत्या आणि ओल्या बोंबलांनी निम्म्या पांढऱ्या झाल्या होत्या. वीस-बावीस मुलं गणवेशातच आली होती. बायका टोपल्या भरून देत होत्या आणि हसून बेजार होत होत्या, कारण मुलांनी अडकवलेले बोंबील पटापटा वाळूत पडत होते.

"अरे गुजराथ्याच्या पोरा, साप धरलास का काय हातात?" एक म्हातारी चिरागला म्हणत होती.

"आजी, हे डोळे वटारून बघतंय माझ्याकडे."

"मंग तू पण बघ. घरी नाय घेतलं तर हितंच ऱ्हा, जावय करतो तुला."

पोरं खिदळली. चिरागने डोळे मिटून बोंबील दोरीवर टाकला, तो दुसऱ्या बाजूने घसरून त्याच्याच बुटावर पडला. तेवढ्यात मागच्या झोपडीच्या दारातून एक मुलगी बाहेर आली. तिच्या अंगावर घरचा फ्रॉक होता, केस विंचरलेले नव्हते. इतके दिवस घराबाहेर न पडलेली तेजल बहुधा दाराआडून बराच वेळ पाहत असावी. नासाडी तिला बघवली नसावी.

"असं नाय," ती म्हणाली. "एकटा टाकला तर पडणारच. दोन घे. ह्याच्या जबड्यात त्याचा जबडा अडकव. आता टाक दोरीवर. एक हिकडं, एक तिकडं. मंग वाऱ्यानं पण सुटत नाय."

तिच्या बोटांची सालं निघालेली होती, पेरांवर लाल चट्टे होते. जिवली तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि जोड्या लावू लागली. थोड्या वेळाने वर्गातली दीपा, मग आणखी दोघं. समिधा सगळ्यांपासून चार हात दूर होती. तिला कोणी टोपली दिली नाही, कोणी जा असंही म्हटलं नाही. शेवटी तिने वाळूत पडलेले बोंबील एकेक उचलून पाण्याच्या टोपात टाकायला घेतले.

शालू टोकाच्या वलांडीवर एकटी काम करत होती. दमयंतीबाई वाळूतून हळूहळू तिथे गेल्या.

"शालू, गुरुवारी मी खोटं बोलले."

"खाली बसा बाई, दमल्या असाल. पाटी देते पालथी घालून."

"बसायला नाही आले. ते लिंबू समिधाला माझ्याकडून कळलं. माझ्या परडीचं आहे ते."

शालूचे हात चालू होते. जोडी अडकवायची, टाकायची, सरकवायची. "मला म्हाईत हाय. पाच वर्सं चोळलंय मी. उन्हाळ्यात भेगांत झोंबायचं."

"तुला माहीत होतं, तर तिथे बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हणून थांबली," शालू म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना उभं राहायला काहीतरी आधार झाला असता. त्यांनी टोपलीतून दोन बोंबील उचलले, जबडे एकमेकांत अडकवायचा प्रयत्न केला. ते सारखे निसटत होते. शालूने त्यांच्या हातून ते काढून घेतले नाहीत. पुष्कळ वेळाने जोडी अडकली.

"मी आज शाळेत सगळ्यांसमोर सांगते."

"तुमची मर्जी. मी दाखल्यासाठी येणारच हाय. तेजल म्हणते, आजच्या दिस जाते. उद्याचं तिचं तिलाच म्हाईत नाय." शालूने रिकामी टोपली उलटी करून झटकली. "एक सांगते बाई. मी तिला सांगितलंय, तुमच्या वर्गात मला कोण हसायचं नाय. पोरगीला काय सांगायची, तिची आय पण..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी परिपाठाला शाळा मैदानात उभी राहिली. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. आठवीच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली, कोणी मान वळवली, कोणी नाक मुरडलं. वास नववीच्या पुऱ्या रांगेतून येत होता.

दिनानाथ सर पायरीवरून दोन पावलं खाली आले. "हा काय प्रकार आहे?"

"सर, आमी हात धुतले नाय," जिवली म्हणाली.

"कोणी कोणी?"

रांगेतले हात वर झाले. तेजल मधोमध होती, गणवेशात, वेण्या घालून. तिचा हात वर नव्हता. तिने तो वर करायचं कारणच नव्हतं. सरांनी तिच्याकडे पाहिलं. फाटकाशी शालू टोपली खाली ठेवून उभी होती.

तेव्हा दमयंतीबाई पायरीवर आल्या. एकतीस वर्षं त्या पायरीवरून बोलल्या होत्या. त्यांनी थोडक्यातच सांगितलं. त्या नळापाशी एक परडी असायची. ती मी ठेवली होती. फक्त बंदरावरच्या मुलींसाठी ठेवली होती. नऊ वर्षं. समिधाने जे केलं ते माझ्याकडूनच शिकून केलं. गुरुवारी सरांनी विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं. परडी ही चूक होती, आणि ते नाही म्हणणं त्याहून मोठी.

मग दिनानाथ सरांनी घसा खाकरला. "बाई, तुमचा हेतू चांगलाच होता, हे आम्ही सगळे जाणतो. या वयात हे असं उभं राहून सांगणं, याला मोठं मन लागतं." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग शिक्षकांनी वाजवल्या. मग सगळ्या शाळेने.

बाईंनी हात वर केला, पण टाळ्या त्यांना मान म्हणूनच आणखी वाढल्या. निवृत्तीच्या दिवशी अशाच वाजल्या होत्या. त्यांना वाटलं, आता खाली उतरावं, रिक्षात बसावं, घरी जाऊन दार लावून घ्यावं.

टाळ्या विरल्यावर रांगेतून आवाज आला.

"बाई, एक विचारू?"

तेजल होती. दिनानाथ सर तिला थांबवायला वळले, पण बाईंनी त्यांना नको म्हणून मान हलवली. "विचार."

"आई हात चोळायची तवा बाकीची पोरं हसायची का?"

दमयंतीबाईंनी फाटकाकडे पाहिलं नाही. तिकडे पाहिलं असतं तर पुन्हा काहीतरी गोड, बरं वाटेलसं तोंडातून गेलं असतं.

"हसायची."

"रोज?"

"हो. रोज."

"आणि तुमी?"

"मी फळ्याकडे तोंड करायचे. तारीख लिहायचे."

"तारीख तर पोरं येण्याआधीच लिवतात," तेजल म्हणाली. ती उद्धटपणे म्हणाली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"लिहिलेली पुसून पुन्हा लिहायचे," बाई म्हणाल्या. "मलाही हसू यायचं. ते तुझ्या आईला दिसू नये म्हणून."

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नववीच्या रांगेत कोणीतरी पाय बदलला. समिधाने मान खाली घातली ती वर केली नाही. तेजल मात्र मागे वळून फाटकाकडे बघत होती. शालूने पदर कपाळावर पुढे ओढला होता आणि टोपलीवरचं फडकं सारखं नीट करत होती.

"मला वाटायचं," तेजल जिवलीला म्हणाली, पण पायरीपर्यंत ऐकू आलं, "आईला कोण हसलं नाय, तर माझ्यातच काय तरी असंल."

घंटा झाली. पाचवीची रांग आधी हलली, मग सहावीची. नववीची पाळी आली तेव्हा तेजलने खाली ठेवलेलं दप्तर खांद्याला लावलं. फाटकाशी जाऊन आईला ती काहीतरी म्हणाली. शालूने होकाराची मान हलवली. दोघींचं काय बोलणं झालं, ते बाईंना कळलं नाही. मग तेजल धावत येऊन रांगेच्या शेवटाला लागली. तिच्या पुढे समिधा होती. तेजल तिच्याशी बोलली नाही. दोघींमध्ये हातभर अंतर ठेवून ती चालत वर्गात गेली.

शालू टोपली डोक्यावर घेऊन बाजाराच्या वाटेला लागली. दाखल्याचं तिने आज विचारलं नव्हतं.